पिठलं-भात आणि येमेन: मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक यांस

विषय: येमेनच्या बातम्यांबाबत

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात राहते. एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. नवऱ्याची हयात बोटीवर गेली आणि मुलगाही बोटीवरच आहे, थर्ड इंजिनिअर. आमच्या भागात आळीगणिक एक तरी माणूस समुद्रावर असतोच, त्यामुळे यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की जानेवारी २०२४ पासून मी रोज येमेनची बातमी शोधते आणि मराठीत ती मला मिळत नाही.

पत्राला निमित्त गेल्या महिन्यातलं. मी घेते त्या दैनिकानं परदेशच्या बातम्यांचं पान बंद केलं. पहिल्या पानावर तळाला चौकट होती, ‘वाचकांच्या बदलत्या आवडीनुसार’. मी तीस वर्षांची वर्गणीदार आहे, माझी आवड कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्या जागी आता खाली बिल्डरची जाहिरात असते आणि वर राशिभविष्य. मेष राशीला यंदा जलप्रवासाचे योग आहेत म्हणे. माझ्या मुलाची रास मेष.

जानेवारी २०२४ मध्ये काय झालं ते आधी सांगते, म्हणजे माझा त्रागा कशासाठी ते कळेल. मुलगा तेव्हा एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, होता. सुएझ ओलांडून तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाकडे उतरण्याआधी त्याचा फोन आला. ‘आई, तीनेक दिवस नेट नसेल. काळजी करू नको.’ त्यांच्या कॅप्टननं एआयएस बंद ठेवायचं ठरवलं होतं. बोट कुठे आहे, कुठे चालली आहे हे आसपासच्यांना सांगत राहणारं ते यंत्र. येमेनचे हूथी बंडखोर तेव्हा गाझातल्या युद्धावरून, इस्रायलशी संबंध असल्याचं म्हणत, तिथून जाणाऱ्या बोटींवर हल्ले करत होते. त्या दिवसांत कितीतरी बोटी त्याच यंत्रावर, पुढच्या बंदराचं नाव लिहायच्या रकान्यात, ‘इस्रायलशी संबंध नाही’, ‘बोटीवर सशस्त्र पहारा आहे’ असं लिहून येमेनजवळच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून जात होत्या. गळ्यात पाटी अडकवून चालल्यासारखं. बाब-अल-मंदेब या नावाचा अर्थ अश्रूंचं दार. मुलांना हे सांगितलं की ती खूश व्हायची, नाव लक्षात राहायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाहिनीवर पट्टी धावू लागली, ‘कोकणातला तरुण हुतींच्या तावडीत?’ मागे एक जहाज धडाडून पेटलेलं. नवऱ्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘फनेलवरची खूण बघ. ही कंपनी मोडीत निघून दहा वर्षं झाली.’ म्हणजे चित्र जुनं, कुठलंतरी. आम्हा दोघांना ते कळलं. गावाला कुठून कळणार? आठच्या सुमारास शेजारच्या काकू पातेल्यावर ताट झाकून घेऊन आल्या. आत पिठलं-भात. आमच्याकडे शेजारून पिठलं-भात कोणत्या घरी जातो, हे तुमच्या कोकणातल्या वार्ताहराला विचारा. मी ते पातेलं ओट्यावर ठेवलं आणि उघडलं नाही. काकूंचा दोष नाही, त्यांनी टीव्ही पाहिला होता. सासूबाई नव्वदीच्या. त्यांना पट्टीवरचं प्रश्नचिन्ह दिसलं नाही, तेवढं बारीक त्यांना दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी पोराचा फोन आला, एडनचं आखात ओलांडून. जेवण झालं का विचारत होता.

तो ‘कोकणातला तरुण’ कोण होता, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मी त्या वाहिनीला मेल केली, उत्तर आलं नाही. वाहिनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात. त्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही केली. येमेनचा जो मराठी मजकूर दिसेल तो कापून चिकटवायचा आणि लाल शाईनं तपासायचा, शाळेत तपासायची तसा. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

सुरुवात सोप्या चुकीपासून. एकाच दैनिकाच्या एकाच अंकात मला हुती, हौथी आणि हुथी अशी तीन नावं सापडली, तीही शेजारशेजारच्या स्तंभांत. अरबी उच्चार हूथीच्या जवळ जातो, मी तोच वापरते. तुम्ही दुसरा वापरा, पण एक वापरा. लिहिणारा माझ्या नववीच्या वर्गात असता तर अर्धा गुण कापला असता. एका वाहिनीच्या नकाशात ओमानवर येमेन लिहिलं होतं. दुसऱ्या एकीनं सना हे राजधानीचं शहर समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवलं. सना समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे हो, महाबळेश्वराच्या दीडपटीहून उंच. हे नीट कळलं नाही तर डोंगरातली माणसं किनाऱ्यासाठी का लढतात हे कसं कळणार?

आणि तिथेच माझी खरी तक्रार आहे. तुमच्या बातमीत हूथी हे नेहमी ‘इराणसमर्थित बंडखोर’ असतात. दोन शब्द, खोटे नाहीत, पण त्यात काहीच कळत नाही. इराणनं पाठवलेली माणसं आहेत का ती? कुणाविरुद्ध बंड, कधीपासून, कशासाठी? फळ्यावर दहा मिनिटांत सांगता येतं. मी सांगून दाखवते.

उत्तर येमेनच्या डोंगरात झैदी नावाचा शिया पंथ आहे. त्यांच्या इमामांचं राज्य तिथे शतकानुशतकं अधूनमधून होतं, ते २६ सप्टेंबर १९६२ च्या उठावात गेलं. नंतर सादा हा त्यांचा मूळ प्रांत मागे पडत गेला, रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, वरून सौदीकडून आलेल्या सलफी, म्हणजे कट्टर सुन्नी, प्रचाराची धार. त्यातून अल-हूथी घराण्याची चळवळ उभी राहिली. २००४ मध्ये त्यांचा नेता हुसेन अल-हूथी सरकारी फौजेकडून मारला गेला आणि २०१० पर्यंत सादात सहा लढाया झाल्या. लढणारा राष्ट्राध्यक्ष होता अली अब्दुल्ला सालेह, स्वतः झैदी. हा माणूस १९७८ पासून उत्तरेचा आणि १९९० मध्ये उत्तर-दक्षिण एक झाल्यावर सगळ्या येमेनचा अध्यक्ष. २०११ मध्ये तरुण मुलं-मुली सनाच्या चौकात तंबू ठोकून बसली. १८ मार्चच्या शुक्रवारी छपरांवरून गोळ्या घालून त्यांतली पन्नासेक मारली गेली. त्या आंदोलनातल्या तवक्कुल करमान यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं, ती बातमी मात्र तुम्ही फोटोसह छापली होती, मला आठवते. सालेह पायउतार झाला, पण शेजारच्या राजेशाह्यांनी घडवलेल्या करारानं त्याला खटल्यापासून अभय मिळालं. मागे घर, पैसा, पक्ष आणि फौजेतली माणसं तशीच राहिली.

नवा अध्यक्ष हादी, निवडणुकीत एकटाच उमेदवार. सर्वपक्षीय परिषद दहा महिने चालली आणि देशाचे सहा विभाग करायचं ठरलं. आता नकाशा घ्या. त्या आखणीत सादा ज्या विभागात पडला, त्याला समुद्रच नव्हता. बंदर नाही, तेल नाही. भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय सांगायला लागतं? जुलै २०१४ मध्ये इंधनाचं अनुदान एका रात्रीत काढलं, लोक रस्त्यावर आले, हूथींनी त्या रागावर स्वार होऊन २१ सप्टेंबरला सना ताब्यात घेतलं. आणि त्यांना वाट मोकळी कुणी करून दिली? ज्यानं त्यांच्याशी सहा लढाया केल्या, त्याच सालेहनं. तीन वर्षांनी, ४ डिसेंबर २०१७ ला, तो बाजू बदलायला निघाला तेव्हा याच दोस्तांनी त्याला मारलं.

हे पाच-सहा ओळींत बसतं. ते वाचल्यावर इराणची शस्त्रं आणि पैसा कुठे येऊन मिळाला हेही नीट समजतं, आणि हेही समजतं की इराणनं उद्या हात काढला तरी सादाचा डोंगर तिथेच राहणार आहे. मी हूथींची वकिली करत नाही. त्यांनी शेतांत सुरुंग पेरले, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका दिल्या, संयुक्त राष्ट्रांचे डझनांनी कर्मचारी पकडून डांबले. पण शत्रू का होईना, तो कोण आहे हे सांगायला नको?

अल-कायदाचं तर विचारूच नका. एका चर्चेच्या कार्यक्रमात पडद्यावर डावीकडे हूथी, उजवीकडे अल-कायदा आणि मध्ये ‘येमेनचे दहशतवादी’. अहो, ते एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. एडनच्या बंदरात ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेची कोल ही युद्धनौका फोडून सतरा नौसैनिक मारले ते अल-कायदानं. एप्रिल २०१५ मध्ये, सगळ्यांचं लक्ष हूथींकडे असताना, मुकल्ला हे बंदर ताब्यात घेऊन वर्षभर चालवलं ते अल-कायदानं. दोघांना एका चौकटीत कोंबणं म्हणजे मांजर आणि उंदीर एकत्र दिसले म्हणून जात एक म्हणण्यासारखं आहे.

मी पान बंद करणाऱ्या दैनिकात फोन केला होता. पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘ताई, येमेनचं इथे कुणाला काय पडलंय?’ त्याला फोनवर सांगता आलं नाही ते इथे सांगते.

एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतलं ते मुंबईहून फौज पाठवून, आणि १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. रत्नागिरी जसा इलाख्याचा भाग, तसंच एडन. म्हणून तर शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्यासाठी तिथे धाडलं. तिथे त्यांनी एकदा कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळ काढला, पण पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा अंत झाला. दर फेब्रुवारीत तुम्ही त्यांचा फोटो छापता, खाली ‘एडनच्या तुरुंगात’ असं लिहिता. तेच हे एडन. मराठवाड्यात चाऊश आडनावाची माणसं आहेत, नांदेड, परभणी, जालना, कुठेही विचारा. त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत आले ते येमेनच्या हद्रमौतमधून. पुण्यात आणि संभाजीनगरात येमेनी विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आलेत. आणि एप्रिल २०१५ मध्ये आपल्या सरकारनं ऑपरेशन राहत करून एडन, सना, होदैदा इथून साडेचार हजारांवर भारतीय बाहेर काढले, शिवाय ४१ देशांचे साडेनऊशेच्या वर परदेशी. ते आठ-दहा दिवस येमेन तुमच्या पहिल्या पानावर होता. शेवटचा भारतीय जिबूतीला उतरला आणि येमेन संपला. मागे राहिलेल्यांचं युद्ध तर तेव्हा जेमतेम सुरू झालं होतं.

द्राक्षांचं घ्या. २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपला जाताना आफ्रिकेला वळसा घालून गेली, कारण बड्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडली होती. बोटीला दहा-बारा दिवस जास्त, कंटेनरचं भाडं चढलेलं, माल उतरेपर्यंत जीव टांगणीला. हे तुमच्या कृषी पानावर आलं. त्याच दिवशी पहिल्या पानावर हूथींच्या क्षेपणास्त्राचं ॲनिमेशनासारखं चित्र होतं. दोन्ही कात्रणं मी वहीत समोरासमोर चिकटवली आहेत. कृषी पानावर तांबड्या समुद्रातल्या ‘तणावाचा’ एक शब्द, पहिल्या पानावर द्राक्षाचा एक मणीसुद्धा नाही. तुमच्याच दोन टेबलांमध्ये किती अंतर असतं?

बोटींवरच्या माणसांबद्दल थोडं जास्त लिहिते, तो माझा हक्क समजा. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा या टँकरला क्षेपणास्त्र लागलं, त्यावर बावीस भारतीय होते. आपली विशाखापट्टणम ही युद्धनौका मदतीला गेली, आग विझली, सगळे वाचले. ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्स या बोटीवर तीन खलाशी मेले, हूथींच्या या हल्ल्यांतले पहिले बळी. बाकीच्यांना आपल्या कोलकाता युद्धनौकेनं उचललं. गॅलक्सी लीडर ही बोट नोव्हेंबर २०२३ मध्ये हेलिकॉप्टरनं पकडून होदैदाजवळ नेली होती. तिचे पंचवीस खलाशी चौदा महिने अडकले आणि लोक त्या बोटीवर सहलीला जात होते, फोटो काढत होते. जुलै २०२५ च्या एकाच आठवड्यात आणखी दोन बोटी बुडवल्या. मधल्या महिन्यांत तुमच्याकडे काय आलं म्हणून वही उलटते, तर पानंच्या पानं कोरी. आम्हाला कोऱ्या पानांचा अर्थ ‘आता सगळं ठीक आहे’ असा लागतो. पोरं त्या अर्थावर जॉइन होतात. युद्धाचा टापू जाहीर झाला की तिकडे जायला नकार द्यायचा हक्क खलाशी संघटनांशी करार असलेल्या बोटींवर मिळतो, दुप्पट मूळ पगारही मिळतो. पण पहिल्या-दुसऱ्या फेरीचा पोरगा नकार देतो का? एजंट पुन्हा बोलावणार नाही या भीतीनं मान डोलावतो. त्याला निदान माहिती तरी असावी.

आता येमेनच्या माणसांविषयी. ती तुमच्या पानांवर नाहीतच, फक्त क्षेपणास्त्रं आहेत.

मागच्या दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेले होते. त्यांच्या सोसायटीत तइझ शहरातला एक विद्यार्थी भाड्यानं राहतो, पीएचडी करतो. बहिणीनं फराळाला बोलावलं. चिवडा खाऊन झाल्यावर त्यानं पाकिटातून एक नोट काढून दाखवली, हजार रियालची. मधून फाटलेली, दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप, कडा मऊ होऊन कापडासारख्या झालेल्या. सनात अशाच जुन्या नोटा चालतात, कारण एडनमधल्या, हूथींच्या विरोधातल्या सरकारनं छापलेल्या नव्या नोटांवर हूथींनी २०१९ च्या अखेरीस बंदी घातली. एडनमध्ये नवी कोरी नोट, सनात ही गोधडी. युद्धाआधी एका डॉलरला सव्वादोनशेच्या आत रियाल मिळायचे. आता सनात पाचशेच्या वर आणि एडनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. एकाच देशात, एकाच नावाच्या चलनाचे दोन भाव. त्याचा भाऊ एडनला कमावतो आणि आई हूथींच्या टापूत राहते. भावानं पाठवलेले पैसे तिच्या हातात पडेपर्यंत वितळतात. मी त्याला विचारलं, तुम्ही घरी गेलात का इतक्यात? म्हणाला, तइझमध्ये आमच्या घरापासून मावशीचं घर गाडीनं पंधरा मिनिटांवर. हूथींचा वेढा पडल्यावर डोंगराला वळसा घालून पाच-सहा तास लागायचे. जून २०२४ मध्ये तो रस्ता उघडला. घरच्यांनी व्हिडिओ कॉल केला, गाडीतून हात बाहेर काढून माणसं रडत होती. त्याचं सांगून झाल्यावर बहिणीनं त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली.

हा रस्ता उघडल्याची बातमी माझ्या वहीत नाही. होदैदाजवळ सेफर नावाचा गंजका टँकर अकरा लाखांहून जास्त पिंपं तेल पोटात घेऊन वर्षानुवर्षं उभा होता. तो फुटला असता तर तांबडा समुद्र काळा झाला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यातलं तेल दुसऱ्या बोटीत काढून घेतलं, युद्ध चालू असलेल्या देशात. बोटीवरच्या माणसांना विचारा हे किती जोखमीचं काम. माझा नवरा ती चित्रफीत तीनदा बघून म्हणाला, ‘शाबास’. तेही मराठीत नाही. चांगलं घडलं तरी नाही आणि वाईट घडलं तरी नाही, मग नेमकं काय घडलं तर तुम्ही छापता?

९ ऑगस्ट २०१८ ला सादातल्या दहयान गावात सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर, हूथींशी लढणाऱ्या, सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीनं बॉम्ब टाकला. चाळीस मुलं गेली. रस्त्यावर युनिसेफची निळी दप्तरं पडलेली होती. त्या आठवड्यात मी शाळेत पंधरा ऑगस्टच्या कवायतीच्या ओळी लावत होते. मला हे कळलं सहा वर्षांनी, तेही इंग्रजीतून, मुलाच्या फोनवर. तिथले सरकारी शिक्षक २०१६ च्या उत्तरार्धापासून नियमित पगाराशिवाय शिकवत आहेत, कारण युद्धात मध्यवर्ती बँकच सनातून एडनला गेली. आमचा सातवा वेतन आयोग लांबला तेव्हा आम्ही मोर्चा काढला होता, आणि तुम्ही तो छापला होता. बरोबरच केलंत. पुरेसं खायला न मिळणारी माणसं तिथे २०२५ मध्ये एक कोटी सत्तर लाखांच्या घरात होती असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. २०२१ अखेरपर्यंत पावणेचार लाखांवर माणसं या युद्धानं नेली असा त्यांचाच अंदाज होता. त्यांतली निम्म्याहून जास्त गोळीनं नव्हे, तर भुकेनं, पटकीनं, औषधांवाचून.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. माणसं कमी केलीत, जाहिराती कमी झाल्या, एजन्सीचा इंग्रजी मजकूर रात्री दहाला येतो आणि अकराला पान सोडायचं असतं. म्हणून मी वार्ताहर सनाला पाठवा म्हणत नाही. तिथे जाऊन बातमी करणं काय असतं ते तुमच्याच व्यवसायातल्या माणसांनी भोगलं आहे. २०१५ मध्ये सनात पकडलेल्या चार येमेनी पत्रकारांना २०२० मध्ये हूथींच्या कोर्टानं फाशी सुनावली. एप्रिल २०२३ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले, आठ वर्षं आत काढून. ते जे लिहीत होते त्यातली एक ओळ भाषांतर करून छापायला तुम्हाला तुरुंगात जावं लागणार नाही.

मागण्या साध्या आहेत.

जहाजाची, खलाशाची किंवा त्याच्या गावाची बातमी कंपनीकडून किंवा सरकारकडून खात्री झाल्याशिवाय आणि घरच्यांना कळल्याशिवाय दाखवू नका. प्रश्नचिन्ह लावल्यानं खात्री होत नाही. जुनं चित्र दाखवायचं तर ‘संग्रहित’ हा शब्द ठळक लिहा, नव्वदीच्या माणसाला दिसेल एवढा.

आठवड्यातून एकदा, अर्धा स्तंभ येमेनला आणि तांबड्या समुद्राला द्या. दर आठवड्याला, काही झालं असो वा नसो. काही झालं नाही हीसुद्धा आम्हाला बातमीच आहे. लिहायला माणसं मिळतील. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, निवृत्त कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर कोकणात पायलीला पन्नास आहेत, आणि येमेनी विद्यार्थी तुमच्या कार्यालयापासून एका रिक्षाच्या अंतरावर आहेत.

नावांचा आणि नकाशांचा एक तक्ता करून प्रत्येक उपसंपादकाच्या टेबलावर चिकटवा. तो मी करून द्यायला तयार आहे, फुकट. कृषी पान, बाजार पान आणि पहिलं पान यांच्या माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र चहा घ्यावा, एवढंही पुरे.

आणि माझ्या दैनिकानं बंद केलेलं पान परत सुरू करावं. अर्धं पान चालेल. राशिभविष्य काढा असं मी म्हणत नाही, सासूबाई ते वाचून घेतात.

उत्तराची वाट पाहते. उत्तर छापलंत तर उत्तम, नुसतं कृतीतून दिलंत तरी वहीत नोंद होईल.

आपली वाचक,
निवृत्त भूगोल शिक्षिका आणि एका थर्ड इंजिनिअरची आई
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी

ता. क.: मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा जॉइन होतो आहे. बोट सुएझनं जाणार की आफ्रिकेला वळसा घालून, ते मुंबईला एजंटच्या ऑफिसात गेल्यावर कळेल. काकूंचं पातेलं मी तेव्हाच परत केलं होतं. रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात नारळाच्या चार वड्या घातल्या होत्या.